बाणांना मुंग्या

सरावाचा पहिलाच बाण मी सोडला आणि तो कागदावरचे सगळे रंग चुकवून खाली पेंढ्याच्या गादीत घुसला.

"वारा," मागून इंगवले सर म्हणाले.

वारा कसला! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती आणि मैदानाच्या कडेचं निशाण वाळत घातलेल्या धोतरासारखं गप लोंबत होतं. मी दुसरा बाण घेतला. तो उजवीकडे भरकटला. तिसरा सोडताना धनुष्यापाशी खर्रकन आवाज झाला आणि बाण शेपूट हलवत गेला.

"हेमांगी, थांब. बाण दाखव आधी," सर पुढे येत म्हणाले.

ज्यांनी बाण फक्त दसऱ्याच्या देखाव्यात पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमचा कार्बनचा बाण म्हणजे पेन्सिलीहून बारीक, आतून पोकळ अशी काळी नळी. तिच्या मागच्या तोंडात प्लॅस्टिकची एक इवलीशी खाच दाबून बसवलेली असते. ती धनुष्याच्या दोरीवर टक्कन बसते. तिला नॉक म्हणतात. बाणाला तीन पिसं, त्यातलं एक वेगळ्या रंगाचं. माझं केशरी होतं. ते केशरी पीस धनुष्यापासून बाहेरच्या अंगाला राहिलं पाहिजे, नाहीतर पिसं धनुष्याला घासतात आणि बाण वाट फुटेल तिकडे जातो. पीस कुठे राहणार हे नॉक ठरवते. म्हणून नॉक बोटाने फिरली पाहिजे आणि बोटाने निघालीही पाहिजे.

मी भात्यातल्या नॉक पाहिल्या. एकीचं तोंड पूर्वेला तर दुसरीचं नैर्ऋत्येला. चार दिवसांपूर्वी मी स्वतः सगळ्या एका रेषेत लावल्या होत्या. एक नॉक चिमटीत धरून फिरवायला गेले, हलेना. दुसरी, तिसरी, सगळ्या तशाच. जणू नळीतूनच उगवल्या होत्या.

सरांनी दात-ओठ खाऊन पाहिलं. "चिकटवल्यात कोणीतरी," ते म्हणाले. "मी नाही हे केलेलं. तू नाही. मग घरी कोण हात लावतं याला?"

माझी नजर मैदानाच्या कडेच्या दोरीकडे गेली. दोरीपलीकडे, प्रेक्षकांच्या पहिल्याच खुर्चीत, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन सासूबाई बसल्या होत्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, अगदी ताठ.

आता त्या दिवशी माझं काय पणाला लागलं होतं तेही सांगून टाकते. लग्नाला वर्ष झालं होतं. निकमांची गावात पिठाची गिरणी. लग्न ठरतानाच सासऱ्यांनी, म्हणजे आण्णांनी, आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "पोरी, वर्षभर खेळ. दसऱ्यानंतर जिल्ह्याची निवड आसती न्हवं? संघात आलीस तर पुढचं बघू. न्हाईतर धनुष्य माळ्यावर आन् तू गिरणीवर." आण्णा दुष्ट नव्हते. नव्या सुनेला भल्या पहाटे ट्रॅकपँट घालून रानात पाठवण्यावरून अख्खी आळी त्यांना हसत होती, तरी त्यांनी वर्ष दिलं होतं. ते वर्ष आज संपत होतं. संध्याकाळी संघातल्या चार जणींची नावं वाचली जाणार होती आणि त्यात माझं नसेल तर माझा खेळ संपला.

आणि सासूबाई? त्या या विषयावर वर्षभरात एक शब्द बोलल्या नव्हत्या. बोलणारी सासू परवडते हो, निदान कळतं तरी. गिरणीमागच्या रानात मी सराव करत असले की त्या दारात यायच्या, पदराने हातांवरचं पीठ झटकायच्या, दोन बाण बघायच्या आणि आत जायच्या. त्या दिवशी सकाळी मात्र टेम्पो निघायच्या वेळी अचानक येऊन बसल्या. "मी बी येते," एवढंच म्हणाल्या. हिला माझा शेवट डोळ्यांनी बघायचाय, असं माझ्या मनात आलं. आता बाणांची ही गत पाहून मनात आणखी भलतंसलतं यायला लागलं.

"विचार नंतर कर," सर म्हणाले. "आधी हे काढू. अर्धा तास आहे."

दुसऱ्या कोणाचे बाण घेऊन भागत नाही. प्रत्येकीचा बाण तिच्या हाताच्या लांबीने कापलेला, तिच्या धनुष्याच्या जोराला जुळवलेला. माझे बाण नाहीत तर मी नाही, इतकं सरळ होतं ते.

सरांनी पिशवीतून पकड काढली, तिच्या जबड्याला रुमाल गुंडाळला आणि एका नॉकला लावून पिळलं. कट्. नॉक नळीच्या तोंडाशी तुटली आणि तिचा खुंट आतच राहिला. दुसऱ्या बाणाला त्यांनी जोर जरा जास्त लावला. नॉक निघाली नाही, पण नळी कुरकुरली. सरांनी तो बाण कानाशी धरून हलकेच वाकवला. करकर ऐकू आली तसा त्यांचा चेहरा पडला.

"गेला. तडा गेला याला. हा सोडलास तर हातातच फुटेल," म्हणत त्यांनी तो बाजूला टाकला. "आणखी ओढाओढ केली तर सगळे असेच जातील."

"मग सर?"

"तेच तर मला कळेना झालंय."

मी तिथेच गवतावर फतकल मारून बसले. वर्षभर पहाटे उठलेली, खांदे भरून आलेले, बोटांची सालं निघालेली, आणि आता एवढ्याशा प्लॅस्टिकने सगळं पाण्यात जाणार होतं. मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात शेजारच्या लक्ष्यावर सराव करणारी कऱ्हाडची अल्फिया मुजावर वाकून माझ्या भात्यात बघायला लागली. ही पोरगी त्या दिवशीची सगळ्यात पक्की तीरंदाज, आणि तितकीच बडबडी.

"ताई, तुमच्या बाणांना मुंग्या लागल्यात."

"काय?"

"मुंग्या. ही बघा रांग. गवतातून निघालीय ती थेट तुमच्या भात्यात. माझ्या भात्याकडे एक पण फिरकत नाही."

खरंच होतं. लाल मुंग्यांची शिस्तीत रांग लागली होती, आणि सगळ्या नॉकच्या कडेने गोळा झाल्या होत्या. सर चक्रावले. त्यांनी एका बाणाच्या मुंग्या फुंकून उडवल्या, नॉक नाकाशी नेली आणि मग, मी नको नको म्हणत असताना, जिभेला लावली.

"गोड आहे!" सर ओरडले.

"काय करता सर!"

"अगं, गोड आहे! हा गोंद नाही, हा कसला तरी पाक आहे!"

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी उठले आणि दोरीकडे धूम ठोकली. खंडेनवमीच्या दिवशी मी धनुष्याची दोरी बदलून घ्यायला सरांकडे गेले होते. बाण घरीच होते. परत आले तेव्हा गिरणीतली हत्यारांची पूजा उरकली होती आणि बाणांची नळकांडी बंद करून जागच्या जागी ठेवलेली होती. दसऱ्याला पाहुण्यांच्या गर्दीत ती उघडलीच गेली नाही.

"आई," मी धापा टाकत विचारलं, "नवमीला माझ्या बाणांना काही लावलं होतंत का?"

"लावलं न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "धुतलं."

"कशानं?"

"पंचामृतानं. हत्यार आनखी कशानं धुत्यात?"

"आणि ह्या मागच्या, प्लॅस्टिकच्या..."

"टोप्या? त्या काढल्या की. आत धूळ बसती. हत्यार खोलून धुवावं, अर्धं धुतल्यालं पुजू नये. दगडाला लावायच्या टाकीचा दांडा काडतो, तागडीच्या साकळ्या काडतो, तशा तुज्या टोप्या काडल्या. आतून-भाईरून धुवून पुन्ना एकेक बसवली." आणि मग जरा मान ताठ करून, "एक बी हरवली न्हाई."

दूध, दही, तूप, मध आणि साखर. वरून पाणी फिरवलं असेल, फडक्याने पुसलंही असेल, पण बारीक नळीच्या आतलं कोण पुसणार? बंद नळकांडीत, ऑक्टोबरच्या उकाड्यात, दोन दिवस ते मुरत पडलं होतं. मला हसावं की रडावं कळेना. शेवटी दोन्ही एकदम झालं.

"आई, घट्ट चिकटल्यात त्या. निघत नाहीत. अर्ध्या तासात निघाल्या नाहीत तर मला खेळताच येणार नाही."

सासूबाईंचा चेहरा उतरला. मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे सरांकडे पाहिलं आणि त्यांच्या हातातली पकड दिसताच त्या उसळून उठल्या.

"आन् त्यो बाबा पकडीनं वढतोय? मधाची बरणी कदी पकडीनं उगडत्यात व्हय? ऊन पान्यात घाला म्हनावं!"

म्हणाल्या आणि दोरीखालून वाकून सरळ मैदानात शिरल्या. पांढरी टोपी घातलेल्या पंचबाई धावत आल्या. "आजी, आजी! प्रेक्षकांनी दोरीच्या आत यायचं नाही."

"मी प्रेक्षक न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "मी गुन्हेगार हाय."

पंचबाईंना हसू आवरेना. तरी नियम तो नियम. सासूबाईंना दोरीबाहेर जावं लागलं. मग आम्हीच बाण घेऊन दोरीपाशी गेलो. माझा नवरा रणधीर फाटकाबाहेरच्या चहावाल्याकडे पळाला आणि वाफाळत्या पाण्याची किटली घेऊन आला.

"उकळतं नको!" सर ओरडले. "कार्बनला ताप सोसत नाही, थर सुटतात त्याचे."

"बाळाच्या आंघोळीला आसतंय तेवढं," म्हणत सासूबाईंनी डब्यातल्या पोळ्या झाकणावर काढल्या, रिकाम्या डब्यात पाणी ओतलं, गार पाणी मिसळलं आणि कोपर बुडवून पाहिलं. "हां. आता घाल."

बाणांची बुडं आम्ही पाण्यात धरली. थोड्याच वेळात पाणी गढूळ झालं आणि देवघराच्या मोरीला येतो तसला आंबूस-गोड वास सुटला. मी पहिली नॉक चिमटीत धरली, श्वास रोखला आणि फिरवली. फिरली! पुच् असा आवाज करून हातात आली. मी किंचाळलेच. पलीकडच्या लक्ष्यावरच्या मुलीसुद्धा वळून बघायला लागल्या.

मग कारखानाच सुरू झाला. मी नॉक काढायची, सर नळी आतून कोरडी करायचे, अल्फिया स्वतःचा सराव सोडून नॉक पुन्हा बसवून केशरी पिसाशी जुळवून द्यायची. "अगं, तुझा सराव," मी म्हटलं तर म्हणते कशी, "राहू दे ताई. मुंग्यांमुळे जिंकले असं घरी काय सांगू?" रणधीर किटल्या आणत होता. राहता राहिला तो तुटक्या नॉकचा बाण. त्याचा खुंट आतच होता, धरायला काही नाही. सर म्हणाले, सोडून दे. सासूबाईंनी ते ऐकूनच घेतलं नाही. तो बाण पाण्यात जरा जास्त वेळ धरला, बांगड्यांत अडकवलेली पिन काढली, तिचं टोक खुंटात रोवलं आणि अलगद ओढलं. खुंट पिनेला चिकटून बाहेर आला, आणि सरांनी त्या जागी पिशवीतली नवी नॉक बसवली.

"ह्यो बी घे," त्या म्हणाल्या. "पुजल्याला हाय."

शिट्टी वाजली तेव्हा माझे हात चिकट होते, पिसं ओली होती आणि सरावाचे फक्त तीन बाण झाले होते, तेही वाया गेलेले. पण पहिला बाण ओढला आणि खर्र आवाज आला नाही. नुसती दोरी गुणगुणली. सरांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि अंगठा वर केला. अगदी मधल्या, पिवळ्या वर्तुळात होता.

त्या दिवसाइतकी मोकळी मी त्याआधी कधी खेळले नव्हते. भीती काय असेल ती सगळी सकाळीच खर्ची पडली होती. दुपारपर्यंत सरांनी सासूबाईंना दुर्बिणीत बघायला शिकवलं, आणि ती फार मोठी चूक झाली. दोरीला टेकवून ठेवलेल्या दुर्बिणीतून त्या सगळ्या मैदानाला निकाल सांगायला लागल्या. "पिवळ्यात हाय! पिवळ्यात हाय! आता तांबड्यात ग्येला, आसू दे!" पंचबाईंनी दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा त्यांनी नाद सोडला.

संध्याकाळी नावं वाचली. पहिली अल्फिया. दुसरी, तिसरी कोण होत्या ते आज आठवत नाही, कारण मी डोळे मिटून उभी होते. चौथं नाव हेमांगी रणधीर निकम.

"चवथी म्हंजी?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे संघात, आई!"

त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. ते हात पिठाने खरखरीत झालेले होते आणि त्यांना मधाचा वास येत होता. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून रडले. आनंदाने माणूस इतकं रडू शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

परतताना टेम्पोत पुढे आम्ही तिघं दाटीवाटीने बसलो होतो. मला राहवलं नाही.

"आई, एक विचारू? बाण पूजेत ठेवलेतच कशाला?"

"घरातलं हत्यार पूजेत न्हाई ठेवायचं, तर कुटं ठेवायचं?"

रणधीरने टेम्पोचा वेगच कमी केला. "आई! आन् माझी बॅट? ल्हानपनी दर नवमीला पाया पडायचो तुझ्या, बॅट ठेव म्हनून. एकदा तरी ठेवलीस का?"

"ती खेळनं हुती."

"आन् हे?"

"हे हत्यार हाय."

"फरक काय झाला सांग की!"

"तू शाळा सुटल्यावर खेळायचास. आन् पाऊस आला की बॅट पलंगाखाली." सासूबाई समोर रस्त्याकडे बघत बोलत होत्या. "ही पावसात बी गेली. थंडीत बी गेली. बोटं फुटली तर चिंदी बांदून गेली. मी गिरनीच्या दगडाला टाकी लावते तवा माजी बोटं आशीच फुटत्यात. मला कळतंय काम कशाला म्हनायचं ते."

रणधीरने टेम्पोचा वेग पुन्हा वाढवला. वर्षभर दारात उभं राहून ही बाई दोन बाण बघून आत जायची, ती काय बघत होती हे मला आत्ता कळत होतं. आणि मी मूर्ख, त्या गप्प राहण्याचा भलताच अर्थ लावत बसले होते.

घरी पोचलो तेव्हा आण्णा गिरणीत होते. आम्हाला पाहताच त्यांनी खटका बंद केला. पट्टा फटफट करत थांबला.

"काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "संघात आली. पर न्हाई आली आसती तरी बिगडत नव्हतं. ठरलंय ते नवमीलाच."

"काय ठरलंय? कुनी ठरीवलं?"

"तुमी."

"मी?"

"पूजेला कोन बसलं हुतं? हळदी-कुंकू कुनी व्हायलं? बाणांवर फुलं कुनी घातली?"

आण्णांच्या पांढऱ्या झालेल्या भुवया वर गेल्या. "बाण? कुठलं बाण? त्या काळ्या सळया? मला वाटलं गिरनीच्या हायत्या!"

"चष्मा लावून बसा म्हनलं हुतं, बसला न्हाई. नारळ फोडला, आरती केली, सगळं यवस्थित केलं तुमी. आता पुजल्यालं हत्यार माळ्यावर टाकायचं आसंल तर टाका. मी काय बोलनार न्हाई. खंडोबाला काय सांगायचं ते तुमचं तुमी सांगा."

निकमांच्या घरात पूजेचा एकच नेम होता, आणि तो आण्णांच्या आजोबांपासून चालत आलेला. पुजलेलं हत्यार कामात राहिलं पाहिजे. बसवून ठेवलं तर घराला लागतं. मोडक्या पायलीनेसुद्धा आण्णांनी या नेमापायी पुढे कित्येक वर्षं धान्य मोजलं होतं. ते आता बायकोकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा बायकोकडे. कोणी, कधी, कसं चितपट केलं हे त्यांना हळूहळू उलगडत गेलं. आणि मग ते हसायला लागले. असे हसले की अंगावरचं पीठ उडालं.

"बरं बाई," डोळे पुसत ते म्हणाले. "पर मग त्या एका वर्षाचं काय?"

"कसलं वर्ष?" सासूबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत निघून गेल्या.

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी आण्णांकडे.

"व्हय की," ते म्हणाले, "कसलं वर्ष?" आणि त्यांनी गिरणी पुन्हा चालू केली.